कॅल्गरीच्या घरात गॅस फायरप्लेस: कोणते आकडे बघायचे?

कॅल्गरीत घराची तापन-व्यवस्था आखताना बाहेरचे तापमान उणे ३० अंश सेल्सिअस धरतात. विनिपेगसाठी हा आकडा उणे ३३, तर टोरांटोसाठी उणे १८ आहे. घरात २१ अंश हवे असतील, तर कॅल्गरीतल्या भिंतीला दोन बाजूंमधला ५१ अंशांचा फरक पेलावा लागतो. ही थंडी डोक्यात ठेवून माणूस दुकानात जातो आणि सर्वांत मोठा बीटीयूचा आकडा असलेली फायरप्लेस पसंत करून येतो. माझ्या मते निवड तिथेच चुकते. खोलीला खरोखर किती उष्णता लागते, हे आधी मोजायला हवे.

२५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांची बैठकीची खोली घेऊ. वर आणि खाली गरम खोल्या आहेत. बाहेरच्या हवेला २० चौरस मीटर भिंत आणि ५ चौरस मीटर खिडक्या लागून आहेत. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून दर अंश फरकाला सुमारे एक तृतीयांश वॉट उष्णता बाहेर जाते. चांगल्या दुहेरी काचेच्या खिडकीतून १.८ वॉट जाते. ५१ अंशांच्या फरकाला भिंतीतून ३४० वॉट आणि खिडक्यांतून ४६० वॉट गेले. फटींतून येणारी थंड हवा तापवायला आणखी सुमारे ३०० वॉट लागतील. बेरीज झाली १,१०० वॉट. एक किलोवॉट म्हणजे तासाला ३,४१२ बीटीयू, तेव्हा ही गरज तासाला सुमारे ३,७५० बीटीयू होते. हा हिशेब वर्षातल्या अत्यंत थंड रात्रीचा आहे. कॅल्गरीत जानेवारीचे सरासरी तापमान उणे ७ च्या आसपास असते आणि अशा दिवशी याच खोलीला जेमतेम ६०० वॉट पुरतात.

आता फायरप्लेसवरची पट्टी बघा. घरगुती वापराच्या मध्यम आकाराच्या फायरप्लेसवर सर्रास तासाला ३०,००० बीटीयू लिहिलेले असते. हा आकडा जळणाऱ्या गॅसचा असतो. खोलीत येणारी उष्णता त्याहून बरीच कमी असते.

कॅल्गरीत तर तो आकडाही तसाच धरता येत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,०४५ मीटर, म्हणजे ३,४०० फुटांवर आहे. विरळ हवेत तेवढ्याच आकारमानात प्राणवायू कमी असतो. गॅसचे छिद्र सपाटीवरच्या मापाचेच ठेवले, तर ज्वलन अर्धवट होते, लाकडाच्या नकली ओंडक्यांवर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून कॅनडात २,००० ते ४,५०० फूट उंचीवर गॅसचे प्रमाण १० टक्के कमी करतात. ३०,००० चे २७,००० झाले. कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर खोलीत तासाला सुमारे १७,५५० बीटीयू, म्हणजे ५.१ किलोवॉट येतात. दीड किलोवॉटचे तीनाहून अधिक विजेचे हीटर एकाच खोलीत लावल्यासारखे हे झाले. उणे ३० च्या रात्रीही ही उष्णता गरजेच्या पाचपटीजवळ जाते.

मग ज्योत बारीक करा, असे विक्रेता सांगेल. ज्योत निम्म्यावर आली, तरी खोलीत अडीच किलोवॉटहून अधिक येतच राहतात आणि जानेवारीच्या सरासरी दिवशी लागतात ०.६. अर्ध्या तासात खोली तापते, ज्योत बंद करावी लागते, थोड्या वेळाने पुन्हा थंडी वाजते. म्हणून माहितीपत्रकात कमाल बीटीयू वाचून झाले की किमान बीटीयू शोधा. ३०,००० वरून १०,००० पर्यंत उतरणारी फायरप्लेस ३०,००० वरून २१,००० वर अडणाऱ्या फायरप्लेसपेक्षा छोट्या खोलीत कितीतरी अधिक उपयोगी आहे. दालन मोठे असेल, बैठक, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर एकत्र असेल, वर उंच छत असेल, तर हिशेब बदलतो आणि ३०,००० योग्य ठरू शकतात. हे दुकानात ठरत नाही. घरी टेप घेऊन भिंती आणि खिडक्या मोजाव्या लागतात.

कार्यक्षमतेच्या आकड्यातही फसगत होते. माहितीपत्रकात कधी ८० टक्के असे ठळक छापलेले असते. तो पूर्ण तापलेल्या, सलग जळणाऱ्या यंत्राचा आकडा असू शकतो. कॅनडात तुलनेसाठी एनरगाइडचा ‘एफई’ (फायरप्लेसची कार्यक्षमता) हा आकडा आहे. तो सीएसए पी.४.१ या मानकानुसार काढतात आणि त्यात चालू-बंद होणे, पायलट ज्योत, थंड असतानाचे नुकसान हे सगळे धरलेले असते. घर तापवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गॅस फायरप्लेसचा एफई किमान ५० असावा, असा कॅनडाचा नियम २०२० पासून आहे. शोभेच्या फायरप्लेसचा वर्ग वेगळा असतो, त्यामुळे हातातला नमुना कोणत्या वर्गातला आहे हे आधी विचारा. तुलना करायची तर एफईची एफईशीच करा.

गॅसचे बिल कमी होईल, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. तो एका अटीवरच खरा आहे. कॅनडात २०१९ पासून नव्या घरगुती गॅस फर्नेसची कार्यक्षमता किमान ९५ टक्के असावी लागते. दहा युनिट उष्णता घरात आणायला अशी फर्नेस साडेदहा युनिटांचा गॅस जाळते आणि ६५ टक्क्यांची फायरप्लेस १५.४ युनिटांचा. तेव्हा सगळी उष्णता फायरप्लेसच देणार असेल, तर घराची एकूण उष्णतेची गरज जवळजवळ ३२ टक्क्यांनी खाली आली, तरच बरोबरी होते. बचत त्यापुढे. संध्याकाळी सगळे कुटुंब एकाच दालनात बसते आणि बाकीचे घर चार-पाच अंश थंड चालते, अशा घरात हे जमू शकते. पण फर्नेसचा थर्मोस्टॅट त्याच दालनात असेल, तर वेगळेच घडते. दालन २३ अंशांवर पोचते, फर्नेस थांबते आणि वरच्या खोलीत झोपलेले मूल गारठते. तळघराच्या बाहेरच्या भिंतीतून पाण्याचा पाइप गेलेला असेल, तर तो गोठण्याची भीती असते. अशा वेळी थर्मोस्टॅट दुसरीकडे हलवण्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.

जुन्या फायरप्लेसमधली कायम जळणारी पायलट ज्योत दिसते बोटभर. ती तासाला सुमारे १,००० बीटीयू खाते. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर हे ९.२ गिगाज्यूल होतात, म्हणजे सुमारे २४५ घनमीटर गॅस आणि ४६५ किलो कार्बन डायऑक्साइड. आपली ३०,००० बीटीयूंची, कॅल्गरीत २७,००० वर उतरलेली फायरप्लेस रोज चार तास, चार महिने, पूर्ण ज्योतीवर चालवली, तरी १३.७ गिगाज्यूल लागतात. पायलटची उष्णता थंडीत थोडीफार खोलीत येते, पण जून ते ऑगस्टमध्ये ती निव्वळ वाया जाते. आपल्या बिलावरचा दर गिगाज्यूलचा दर, पाइपलाइनच्या बदलत्या शुल्कासह, ९.२ ने गुणा. उत्तर तुम्हाला नक्की अस्वस्थ करेल. गरजेपुरती ठिणगीने पेटणारी पायलट घ्या, किंवा निदान काही दिवस वापर नसेल तर आपोआप विझणारी.

इथे एक गोष्ट मात्र पायलटच्या बाजूने सांगायला हवी. जानेवारी १९९८ च्या हिमवादळात क्युबेक आणि ऑन्टॅरिओत लाखो लोकांची वीज गेली, काहींची आठवडेच्या आठवडे. डिसेंबर २०१३ मध्ये टोरांटोत सुमारे ३ लाख वीजग्राहक अंधारात राहिले. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी अल्बर्टाने कडाक्याच्या थंडीत नागरिकांना मोबाइलवर इशारा पाठवून वीज वाचवायला सांगितले आणि काही मिनिटांत मागणी १५० मेगावॉटने उतरली, म्हणून ती रात्र निभावली. फर्नेसला गॅस मिळाला, तरी तिचा पंखा विजेवर चालतो. वीज नसताना ऊब देणारे घरातले एकमेव साधन गॅस फायरप्लेसच असू शकते, आणि उणे ३० मध्ये हे कारण मला बाकी सगळ्यांहून मोठे वाटते. जुनी पायलट स्वतःच्या उष्णतेवर झडप उघडी ठेवते, तिला वीज लागत नाही. नव्या, ठिणगीच्या फायरप्लेसमध्ये त्यासाठी बॅटरीची सोय हवी. ती आहे का, हे विचारा, आणि बसवणाऱ्याला मेन स्विच बंद करून फायरप्लेस पेटवून दाखवायला सांगा.

व्हेंटच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: डायरेक्ट व्हेंट. यात एकात एक असे दोन पाइप असतात, बऱ्याच नमुन्यांत आतला ४ इंचांचा. बाहेरच्या पाइपातून ज्वलनाची हवा आत येते आणि आतल्या पाइपातून धूर बाहेर जातो. पुढे बंद काच असते, त्यामुळे खोलीतली हवा ज्वलनात येतच नाही. लाकडाची उघडी फायरप्लेस घरातली तापवलेली हवा मिनिटाला ३०० घनफुटांपर्यंत ओढून धुराड्यातून फेकू शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते.

खोलीतलीच हवा वापरणाऱ्या साध्या व्हेंटचा धोका आपल्या घरांत जास्त आहे. फोडणीचा खकाणा काढायला आपण दणकट हूड बसवतो. मिनिटाला ६०० घनफुटांचा हूड तासाला सुमारे १,०२० घनमीटर हवा बाहेर टाकतो. १५० चौरस मीटरच्या घरात एकूण हवा असते सुमारे ३७५ घनमीटर. घट्ट बांधणीच्या घरात एवढी हवा भरून यायला वाट मिळत नाही, मग ती धुराड्यातून उलटी खेचली जाते आणि सोबत फायरप्लेसचा धूर घरात येतो. व्हेंटच नसलेल्या फायरप्लेसचा तर विचारही करू नये. कॅनडात घरात त्यांना परवानगी नाही. एक घनमीटर गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी तयार होते. ते खोलीतच राहिले, तर खिडक्यांवर बर्फ आणि भिंतींत बुरशी.

बसवताना बाहेरच्या टोकाची जागा आधी ठरवा. ते जमिनीपासून आणि अपेक्षित बर्फाच्या थरापासून किमान ३० सेंटिमीटर वर हवे. उघडणाऱ्या खिडकीपासूनही ३० सेंटिमीटर, घरात ताजी हवा घेणाऱ्या यंत्राच्या तोंडापासून १.८ मीटर, आणि सार्वजनिक पदपथावर येत असेल तर २.१ मीटर उंच. उत्पादकाच्या पुस्तिकेत याहून जास्त अंतर दिले असेल, तर तेच पाळायचे. फर्नेस, गरम पाण्याची टाकी आणि शेगडी एकाच गॅसलाइनवर आहेत का, आणि सगळे एकदम चालू असताना पाइप पुरतो का, हा हिशेब परवानाधारक गॅसफिटरने लेखी द्यावा. फायरप्लेसची पेटी बाहेरच्या भिंतीत असेल, तर तिच्यामागचे इन्सुलेशन आणि हवाबंदी पेटी बसवण्याआधी डोळ्यांनी पाहून घ्या. नंतर तिथे हात पोचत नाही.

समोरची काच काही मिनिटांत २६० अंशांपर्यंत तापू शकते आणि ज्योत बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. अमेरिकेत १९९९ ते २००९ या काळात पाच वर्षांपर्यंतची २,००० हून अधिक मुले अशा काचेने भाजल्याचा अंदाज निघाला. त्यानंतर मानक बदलले आणि २०१५ पासून काच ७८ अंशांपेक्षा जास्त तापत असेल, तर पुढे जाळीचे आवरण बंधनकारक झाले. जुन्या घरासोबत जुनी फायरप्लेस मिळाली असेल, तर तिला जाळी नसण्याची शक्यता मोठी आहे. रांगणारे मूल किंवा नातवंड घरात येणार असेल, तर ती पहिल्या दिवशी बसवा.

डिसेंबर २००८ मध्ये ऑन्टॅरिओतल्या वुडस्टॉक शहरात प्रांतिक पोलिस दलातली एक अधिकारी, तिचा नवरा आणि त्यांची दोन मुले कार्बन मोनॉक्साइडने दगावली. त्यांच्या गॅस फायरप्लेसच्या धुराची वाट तुंबली होती आणि घरात या वायूचा अलार्म नव्हता. त्यांच्याच आडनावांचा हॉकिन्स-गिनॅक कायदा २०१३ मध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०१४ पासून ऑन्टॅरिओत गॅसवर चालणारी उपकरणे असलेल्या घरांत झोपण्याच्या जागेजवळ अलार्म सक्तीचा आहे. तुम्ही कोणत्याही प्रांतात राहत असा, दर शरद ऋतूत फायरप्लेसची तपासणी करून घ्या, हिमवर्षावानंतर बाहेरचे टोक मोकळे आहे का ते पाहा, आणि आज रात्री अलार्म उलटा करून त्याच्या पाठीवरची मुदत वाचा. ती संपली असेल, तर उद्याच नवा आणा.