खिडक्यांची जुळणी आणि प्रोसेसरवरील भार

डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडतात. एखाद्या दाखल्यासाठी पाड्यावरून तालुक्याच्या गावी येणाऱ्या मनुष्याचा दिवस पुष्कळदा सेवा केंद्रातील संगणकाच्या गतीवर अवलंबून असतो. ती मंदावली की त्याची मजुरी बुडते. अशा मंदपणाचे एक कारण पडद्यावरील खिडक्यांच्या व्यवस्थेत दडलेले असू शकते. त्याचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

विंडोज प्रणालीच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ च्या सुमारास, एक नवी पद्धत रूढ झाली. तीनुसार प्रत्येक खिडकी आपले चित्र थेट पडद्यावर न काढता स्मृतीतील स्वतंत्र पृष्ठावर काढते. या पृष्ठांची योग्य क्रमाने जुळणी करून एकसंध चित्र पडद्याकडे धाडणे हे ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’चे कार्य होय. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही जुळणी बंद करण्याची सोयही उरलेली नाही.

सामान्यतः या कामाचा भार ग्राफिक्स प्रोसेसर उचलतो. परंतु त्याचा योग्य ड्रायव्हर बसविलेला नसेल, तर तोच भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा सेकंदास ६० वेळा रचावयाचा झाल्यास दर सेकंदास १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदूंचा हिशेब करावा लागतो. वस्तुतः पडद्यावर काही बदलले तरच जुळणी नव्याने करावी लागते. तथापि एखादी खिडकी निष्कारण आपले चित्र सतत बदलत राहिली, तर जुळणीस उसंत मिळत नाही.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. टास्क मॅनेजरच्या यादीत भार ज्याच्या नावे दिसतो, तोच दोषी असतो असे नाही. मूळ दोष ड्रायव्हरचा किंवा अन्य खिडकीचा असूनही तो जुळणी करणाऱ्याच्या खाती मांडला जातो. म्हणूनच मॅनेजर बळाने बंद केल्याने रोग जात नाही. प्रणाली त्यास पुन्हा सुरू करते. प्रथम ड्रायव्हर तपासावा, नंतर एकेक खिडकी बंद करून भार केव्हा उतरतो ते पाहावे. एवढी तपासणी होण्यापूर्वी संगणक निकामी ठरविणे म्हणजे निदानावाचून उपचार करणे होय.