डबल आयपीएची पारख

कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे विनी सिलुर्झो यांनी १९९४ मध्ये ब्लाइंड पिग या लहानशा ब्रुअरीची पहिली बिअर काढताना हॉप्सचे प्रमाण दुप्पट केले आणि मॉल्टही वाढवला. डबल आयपीए (आयपीए म्हणजे इंडिया पेल एल) या प्रकाराचा आरंभ सामान्यतः तेथूनच धरला जातो. पुढे रशियन रिव्हर ब्रुअरीत त्यांनीच घडवलेली ‘प्लिनी द एल्डर’ ही आठ टक्के मद्यार्काची बिअर या प्रकाराचा मानदंड ठरली.

हॉप्स म्हणजे एका वेलीचे मादी फुलोरे. त्यांतील पिवळ्या ग्रंथींत अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले असतात. मॉल्टच्या गोड काढ्यात हॉप्स दीर्घकाळ उकळले की या आम्लांचे रूपांतर होऊन कडवटपणा उतरतो, पण तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून गंधासाठी हॉप्सचा काही भाग उकळीच्या अखेरीस आणि काही किण्वनानंतर थंड बिअरमध्ये घालतात, ज्याला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात.

पारख करताना हाच भेद ध्यानात ठेवावा लागतो. साधारण दहा अंश सेल्सिअस तापमानाची बिअर निमुळत्या तोंडाच्या ग्लासात तृतीयांश ओतून, फेस बसण्याआधीच ती हुंगावी, कारण संत्र्याच्या सालीचा, चिडाच्या राळेचा, पिकल्या आंब्याचा असे हलके वास प्रथम निसटतात. घोट मात्र गिळलाच पाहिजे. कडवटपणा सावकाश चढतो आणि घशाशी रेंगाळतो, त्यामुळे तो स्वच्छ सरतो की तुरट ओरखडा मागे ठेवतो, हे गिळल्यानंतरच कळते. मद्यार्काची ऊब छातीत जाणवली तर ते योग्यच, पण नाकात थिनरसारखा वास झोंबला तर तो दोष होय. मॉल्टने आधार द्यावा, कॅरॅमलचा जड गोडवा लादू नये.

आयबीयू हे लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम कडू आम्ल दर्शवणारे एकक लेबलावर मिरवले जाते. तथापि मॉल्टचा गोडवा कडवटपणा झाकत असल्याने केवळ त्या आकड्यावर गुणवत्ता ठरवणे चूकच. अमेरिकेतील बीजेसीपी या परीक्षक-संस्थेच्या ५० गुणांच्या पत्रिकेत गंधाला १२ आणि चवीला २० गुण आहेत. कडवटपणाला वेगळा रकाना नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याकडे महिनोन्‌महिने जहाजातून येणाऱ्या पेल एलमध्ये हॉप्स टिकाऊपणासाठी भरपूर घालत. त्याच वंशातील डबल आयपीए मात्र कमालीची नाशवंत आहे, कारण प्राणवायूच्या संपर्काने गंध आधी मावळतो, ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि कडवटपणा तेवढा शिल्लक राहतो. अशी शिळी बाटली चाखून संपूर्ण प्रकाराला केवळ कडू ठरवणे हा मोठा अन्याय आहे; म्हणून परीक्षकाने ग्लास उचलण्याआधी बाटलीवरील भरणीची तारीख पाहावी. ‘प्लिनी’च्या लेबलावरही ती थंड ठेवून ताजीच प्यावी, साठवू नये, असे बजावलेले असते.