फुप्फुसांतील गांठ आणि तिच्या खुणा

फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन रोगी आहेत असें समजा. दोघांचें वय सारखें, गांठीचा आकार सारखा आणि औषधही एकच. तरी एकास गुण येतो व दुसऱ्यास येत नाहीं. असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं गांठीच्या पेशींतील प्रथिनांत सांपडतें.

पेशींचीं बहुतेक कामें प्रथिनें करतात. गांठीच्या पेशींत त्यांपैकीं कांहीं प्रमाणाबाहेर वाढलेलीं, तर कांहीं बिघडलेलीं असतात. त्यांस आपण खुणेचीं प्रथिनें म्हणूं. तीं ओळखण्यासाठीं गांठीचा लहानसा तुकडा मेणांत बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप करतात व त्यांवर प्रतिपिंडें घालतात. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसें प्रत्येक प्रतिपिंड ठराविक प्रथिनालाच चिकटतें. मग रंगाची क्रिया केली म्हणजे तें प्रथिन असेल तेथें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपकिरी छटा दिसते. प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडण्याची मूळ युक्ति अमेरिकेंतील आल्बर्ट कून्स यांनीं १९४१ सालीं काढली.

अशा खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली रोगाची चाल सांगते. की-६७ हें प्रथिन विभागत असलेल्या पेशींतच आढळतें. जर्मनींतील कील शहरांत त्याचा शोध लागला, म्हणून नांवांत ‘की’. त्याचें वर्णन १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. हें प्रथिन पुष्कळ पेशींत दिसलें तर रोग सामान्यतः जलद वाढतो. परंतु औषध कोणतें द्यावें, हें एवढ्यावरून कळत नाहीं.

दुसरी खूण उपायाची वाट दाखविते. रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी पहारेकऱ्यांप्रमाणें शरीरभर फिरतात. त्यांनीं निरोगी पेशींवर हल्ला करूं नये म्हणून त्यांस आवरणारें पीडी-१ नांवाचें प्रथिन त्यांच्या अंगावर असतें. जपानांतील तासुकु होंजो व त्यांचे सहकारी यांनीं तें १९९२ सालीं शोधून काढलें. गांठीच्या अनेक पेशी पीडी-एल-१ हें प्रथिन धारण करतात. तें पीडी-१ ला भिडलें कीं पहारेकरी थबकतात व गांठ बिनघोर वाढते. ही भेट होऊं न देणारीं औषधें आतां निघालीं आहेत. या क्षेत्रांतील मूलभूत शोधांबद्दल होंजो व अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

निम्म्या किंवा अधिक पेशींवर ही खूण असलेल्या व रोग बराच पसरलेल्या ३०५ रोग्यांवरील प्रयोगाचे पहिले निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. पेम्ब्रोलिझुमॅब या नव्या औषधानें आरंभ केलेल्यांपैकीं शंभरांत सुमारें ३२ जण पांच वर्षांनंतर जिवंत होते. जुन्या रासायनिक औषधांनीं आरंभ केलेल्यांत हाच आंकडा सुमारें १६ होता.

तरी शंभरांत बत्तीस म्हणजे सर्व नव्हेत. खूण ठळक असूनही कांहींस गुण येत नाहीं, आणि पुसट असूनही कांहींस येतो. म्हणून खूण म्हणजे ललाटलेख नव्हे. ती केवळ अनुमानाला आधार देते. एखाद्या घरीं असा प्रसंग ओढवल्यास खचून न जातां, गांठीच्या खुणांची तपासणी झाली काय, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें. ज्या प्रथिनाच्या आडोशानें गांठ लपत होती, त्याच प्रथिनावरून आज तिच्यावरील उपाय ठरूं लागला आहे.