शहराच्या धुराचा हिशेब

आपल्या गावातलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. कुणाचा भाऊ, कुणाची लेक. आज आपण त्याच मुंबईची एक गोष्ट समजून घेऊ. ती गोष्ट आपल्या शेताशीही जोडलेली आहे.

थंडीत आपण गोधडी पांघरतो. गोधडी स्वतः तापत नाही. ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीभोवती हवेची अशीच गोधडी आहे. त्या हवेतले कर्बवायू, मिथेन असे वायू ऊब धरून ठेवतात. ते थोडे असतात तोवर बरं. पण माणसानं कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून ते फार वाढवले. गोधडी जाड झाली आणि पृथ्वी तापू लागली. उन्हाळा कडक झाला. पाऊस एकदम कोसळू लागला. याचा फटका शहराला बसतो, तसा आपल्या पिकालाही बसतो.

मग शहरानं करावं काय? घरात पैसा पुरेनासा झाला, की शहाणी बाई आधी हिशेब मांडते. पैसा कुठं जातो ते कळलं, की कुठं हात आखडायचा तेही कळतं. मुंबई महानगरपालिकेनं असाच हिशेब मांडला आणि मार्च 2022 मध्ये आपला आराखडा जाहीर केला. 2019 साली शहरातून जेवढे वायू हवेत गेले, त्यांचे शंभर भाग केले, तर सुमारे 72 भाग वीज आणि इंधनाच्या वापराचे, 20 भाग वाहनांचे आणि 8 भाग कचऱ्याचे निघतात.

सर्वांत मोठा वाटा विजेचा. डहाणूच्या वीजघरात कोळसा जळतो आणि दिवा मुंबईत लागतो. म्हणून वीज जपून वापरायची आणि कोळशाऐवजी सूर्याची, वाऱ्याची वीज घ्यायची.

दुसरा वाटा वाहनांचा. एका मोटारीत एकच माणूस बसला, तर इंधन वाया जातं. लोकल, मेट्रो, बस यांनी पुष्कळ माणसं थोड्या खर्चात जातात. आता विजेच्या बसही आल्या आहेत. पण ती वीज कोळशाची असेल, तर बसचा धूर वीजघराच्या धुरांड्यातून निघतो. म्हणून दोन्ही कामं बरोबरच व्हायला हवीत.

तिसरा वाटा कचऱ्याचा. ओला कचरा ढिगात दबून कुजला, की मिथेन निघतो. गोबरगॅसच्या चुलीत जळतो तो हाच! चुलीत तो कामाला येतो, उघड्यावर तो गोधडी जाड करतो. इंदूर शहरानं हे ओळखलं. तिथं लोक ओला कचरा घरीच वेगळा ठेवतात. रोज 550 टन कचरा घेऊ शकेल असा कारखाना तिथं 2022 साली सुरू झाला. त्यातून वायू आणि खत मिळतं. त्या वायूवर शहराच्या बस धावतात.

गोधडी आणखी जाड होऊ नये, असं 2050 सालापर्यंत करायचं मुंबईनं ठरवलं आहे. पण वहीत हिशेब लिहिला म्हणून कर्ज फिटत नाही. रोज थोडं थोडं फेडावं लागतं. ते काम महापालिकेचं, तसं घराघराचंही.

तेव्हा मंडळी, तुमचा माणूस शहरातून गावी आला, की त्याला जरूर विचारा, "बाबा रे, ओला कचरा वेगळा ठेवतोस ना?"