शेवटची पायरी मुलाची

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, डाउन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या विशेष शाळांत प्रशिक्षित शिक्षकांच्या जोडीला स्वयंसेवकही काम करतात. महाराष्ट्रात अशा शाळांची परंपरा जुनी आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली, पुण्याची कामायनी १९६४ साली. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. त्यांत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले.

या शाळांत बाहेरची माणसे बहुधा वाढदिवसाला किंवा एखाद्याच्या स्मृतिदिनाला येतात. खाऊ वाटतात, मुलांबरोबर फोटो काढतात आणि जातात. भावना चांगली असते, पण मुलांना खरी गरज ओळखीच्या चेहऱ्याची असते. अनेक मुलांचा दिवस ठरलेल्या क्रमावर उभा असतो आणि क्रम मोडला की ती बिथरतात. म्हणून आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेले दोन तास आणि वर्षभर न चुकणे, हे स्वयंसेवकाचे सर्वांत मोठे देणे आहे.

काम काय असते, हे टी-शर्ट घालायला शिकवण्यावरून समजते. डोके गळ्यातून घालायचे, एक हात बाहीत, मग दुसरा, शेवटी शर्ट पोटावर ओढायचा. मोठ्यांना ही एकच कृती वाटते. विशेष शिक्षक तिच्या पायऱ्या पाडतात आणि पुष्कळदा शिकवायला शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. आधीचे सगळे मोठ्या माणसाने करून द्यायचे, शर्ट खाली ओढणे तेवढे मुलावर सोपवायचे. त्यामुळे काम पुरे होते ते मुलाच्या हाताने, आणि ‘मला जमले’ हा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो. तेवढे पक्के झाले की शेवटच्या दोन पायऱ्या मुलाच्या, मग तीन. मदतही अशीच उतरत्या क्रमाने काढून घेतात. आधी हातावर हात, मग मनगटाला आधार, मग कोपराला नुसता स्पर्श, मग फक्त खूण. याला काही आठवडे लागतील किंवा काही महिने.

स्वयंसेवकाचे मोल इथेच आहे. घरी सकाळी स्कूलबस दारात उभी असते, तेव्हा आई शर्ट घालून मोकळी होते आणि तिला दोष देता येत नाही. वर्गात एका शिक्षकाला अनेक मुलांकडे पाहावे लागते. एका मुलाजवळ बसून त्याचा हात बाहीत शिरेपर्यंत वाट पाहायला मोकळा वेळ लागतो, आणि तो स्वयंसेवक देऊ शकतो. प्रश्न विचारल्यावरही मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. काही मुलांचे उत्तर तेवढ्या वेळाने येते, आणि घाई करणाऱ्याला ते कधीच ऐकू येत नाही.

स्वमग्न मूल घंटेच्या आवाजाने कान झाकून घेते, एखादे स्वतःचे डोके भिंतीवर आपटते. हा हट्ट नसतो. दुखणे, भूक, गोंगाट किंवा अचानक बदललेला बेत शब्दांत सांगता न आल्याने ते असे बाहेर पडते. निदान बदललेला बेत आधी कळावा, यासाठी वर्गात दिवसाचे वेळापत्रक चित्रांत लावलेले असते. बाग रद्द झाली तर बागेचे चित्र आधी काढून दुसरे लावायचे आणि मुलाला ते दाखवायचे.

काही मुलांना अपस्माराचे झटके येतात. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. मुलाला कुशीवर वळवून डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे आणि शिक्षकांना बोलवावे. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर दवाखाना गाठायचा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला गिळायला त्रास असू शकतो, म्हणून शिक्षकांना विचारल्याशिवाय घासही भरवू नये. व्यायाम आणि उपचार तर तज्ज्ञांचेच. शौचालयात मुलाबरोबर एकट्याने जायचे नाही आणि पालकांच्या परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. हे नियम मुलाचे रक्षण करतात आणि स्वयंसेवकाचेही.

अठरा वर्षांनंतर अनेक मुले कार्यशाळेत जातात. तिथे पणत्या रंगवणे, राख्या, कागदी पिशव्या, उटण्याची पाकिटे अशी कामे चालतात. शिवण, हिशेब किंवा विक्री जाणणाऱ्या माणसाचा इथे मोठा उपयोग होतो. मात्र पंचविशीच्या तरुणाला ‘बाळा’ म्हणून गाल ओढणे सोडून द्यावे लागते. तो कामाला आलेला असतो आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारायची असते.

सुरुवात करायला विशेष शिक्षणाची पदवी लागत नाही. जवळच्या विशेष शाळेत मुख्याध्यापकांना भेटावे, आपला ठरावीक वार सांगावा, आणि पहिले काही दिवस वर्गाच्या कोपऱ्यात बसून शिक्षक काय करतात ते फक्त पाहावे. वर्षभर येणे जमणार नसेल, तर तेही त्याच भेटीत सांगावे. कार्यशाळेतल्या वस्तूंच्या विक्रीच्या टेबलाशी बसायला दिवाळीआधीचे पंधरा दिवसही शाळेला हवे असतात.