तारामासा मलूल झाला तर

निळा तारामासा काचेवरून सुटून वाळूत पडला, भुजांची टोकं लिबलिबीत दिसू लागली, की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि या जिवाला ते विषच.

आधी पाणी तपासा. अमोनिया, नायट्राइट शून्य हवेत. क्षारता लिटरला साधारण 35 ग्रॅम. तारामाशाच्या अंगात जवळजवळ समुद्राचंच पाणी खेळतं, त्याच्याच दाबावर त्याचे नळीसारखे शेकडो पाय चालतात. म्हणूनच क्षारता एकदम बदलली की तो कोलमडतो. दुरुस्ती करायची तीही हळूहळू, काही तास घेऊन.

मग पाण्याबाहेर न काढता त्याला अलगद कलता करा. पाय हलताहेत का? बोटाला चिकटताहेत? भुजेखालच्या खाचेपाशी एखादी चिमुकली परजीवी गोगलगायही सापडते. ती चिमट्यानं सावकाश सोडवा.

खरं तर बरेचदा तो उपाशी असतो. दगडांवरचा बारीक थर खरवडून तो जगतो आणि नव्या, चकचकीत टाकीत तो थरच नसतो. जुन्या टाकीतला शेवाळलेला दगड आणून ठेवा. भूज गळाली तरी आशा सोडू नका, ती पुन्हा फुटू शकते. पांढरे चट्टे पसरू लागले तर मात्र त्याला लगेच वेगळ्या टाकीत हलवा.