श्वासातला ऑक्सिजन जातो कुठे?

बारावीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने परवा विचारले, "पप्पा, श्वासातल्या ऑक्सिजनचे शेवटी होते काय?" आम्ही पडलो कॉमर्सवाले. "रक्तात जातो," एवढे सांगून गप्प बसलो. मग दोघांनी मिळून पुस्तके चाळली. त्यातून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

त्या ऑक्सिजनचे बहुतांशी पाणी होते! पेशींमधले सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, हे काम करते. त्याच्या गाभ्यात लोखंड व तांबे असते. या कामातूनच शरीराला शक्ती मिळते. सायनाइडचे विष नेमके हेच विकर बंद पाडते आणि माणूस दगावतो. काम अर्धवट झाले तरी घातक पदार्थ तयार होतात.

पण हे विकर अवाढव्य. डझनाहून अधिक प्रथिनसाखळ्यांचे, पेशीतल्या पडद्यात रुतलेले. त्यातला कोणता भाग कशासाठी, हे शोधणे अवघड. कारखान्यातले चालू यंत्र उघडून शिकवता येत नाही. त्यासाठी लहान नमुना लागतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यी लू व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मार्ग धरला.

त्यांनी देवमाशाच्या स्नायूतले मायोग्लोबिन निवडले. हे प्रथिन जेमतेम १५३ अमिनो आम्लांचे. त्याची रचना जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली उलगडली व १९६२ साली त्यांना नोबेल मिळाले. यातही लोखंड असते. पण काम ऑक्सिजन धरून ठेवण्याचे. लू यांच्या गटाने जनुकात बदल करून जीवाणूंकडून नवे मायोग्लोबिन बनवून घेतले. २००९ साली त्यात लोखंडाचा दुसरा अणू बसवून, नायट्रिक ऑक्साइडवर काम करणाऱ्या जीवाणूंच्या विकराचा नमुना साधला. २०१२ साली दोन हिस्टिडीन व एक टायरोसिन ही अमिनो आम्ले लोखंडाजवळ बसवली. काय आश्चर्य! नुसते साठवणारे प्रथिन ऑक्सिजनचे पाणी करू लागले. एकेका रेणूने हजारावर फेऱ्या केल्या. टायरोसिनची जागा किती मोलाची, हे त्यातून कळले.

याचा उपयोग काय? इंधन-घटात ऑक्सिजनचे पाणी करण्यासाठी महागडे प्लॅटिनम लागते. तेच काम शरीर लोखंड-तांब्यावर भागवते. ती रीत कळली, तर स्वस्त धातूंवर भागवण्याची वाट सापडेल.

तेव्हा पालकहो, मुलांनी प्रश्न विचारला तर "गप्प बस" म्हणू नका. उत्तर येत नसेल तर त्यांच्या शेजारी बसून शोधा. त्यात कमीपणा कसला?